दोन कापडांची मांडी

आमच्या ह्यांची पँट नेहमी एकाच जागी विरते. गुडघ्याला नाही, खिशापाशी नाही. मांडीच्या आतल्या अंगाला, आसणाच्या, म्हणजे दोन पाय जोडतात त्या शिवणीच्या, खाली चार बोटं. बँकेत दिवसभर खुर्चीत बसायचं आणि येता-जाता सायकल हाणायची, मग दुसरं काय होणार? स्कूटर घ्या म्हणून मी किती वर्षं कंठशोष केला, पण श्रीरंगरावांना व्यायाम हवा. त्यांच्या व्यायामापायी मी त्या एका जागी आतून ठिगळं लावत आले. मांडीच्या आतल्या बाजूचं मला कोणी काही शिकवायला नको, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

मी कपडे शिवते. लग्नाआधी मिरजेला शिवणाचा क्लास केला होता. ह्यांची बदली लखनौला झाली तेव्हा ट्रंकेत भांड्यांच्या आधी मशीनचं डोकं भरलं, पाय मागाहून ट्रकने आले. आलमबागेत बस अड्ड्याच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, शेजारी चिंध्यांचं गाठोडं. ब्लाऊज, सलवार, शाळेचे युनिफॉर्म, आणि हो, पुरुषांच्या पँटसुद्धा. गल्लीत मला सगळे ‘मराठिन भाभी’ म्हणायचे, आणि माझ्या हातची सलवार चालताना पायात अडकत नाही असंही म्हणायचे. दारावर पाटी मात्र नव्हती. शर्मिष्ठा आठवीत असताना म्हणाली होती, “आई, बोर्ड मत लगाओ ना,” आणि मी नाही लावली.

शर्मिष्ठा आमची एकुलती एक. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. मी ‘पाणी देऊ का’ विचारावं आणि तिने ‘रहने दो’ म्हणावं, असा आमचा संसार. डोक्याने हुशार आणि रागाने माझ्यावर गेलेली. तिचा मेडिकलला नंबर लागला तेव्हा मी गल्लीत घरोघरी साखर वाटली, ज्या तिवारीणबाईंशी बोलत नव्हते त्यांनासुद्धा दिली.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या वर्गातल्या चार मुली घरी आल्या. मी आत चहा टाकत होते. ट्रे घेऊन बाहेर आले तर माझ्या मशीनवर चादर. नवी कोरी, निळ्या फुलांची, पाहुण्यांसाठी ठेवलेली. चारी बाजूंनी नीट खाली ओढून घेतलेली, म्हणजे खाली टेबल आहे की काय ते कळू नये. त्याच वेळी एक मुलगी विचारत होती, “तेरी मम्मी क्या करती हैं?” आणि आमची राणीसरकार म्हणाली, “कुछ नहीं, घर पर ही रहती हैं.”

मला लागलं ते. खोटं कशाला बोलू, फार लागलं. मी हसून चहा दिला, बिस्किटं दिली आणि पुढचे चार दिवस दुधी भोपळ्याची भाजी केली. भोपळा तिला डोळ्यांसमोर नको असतो. चारही दिवस तिने मुकाट्याने खाल्ली, त्यावरून तिला कळलं होतं हे मलाही कळलं. पण त्यावर ती काही बोलली नाही आणि मीही नाही. चादर घडी घालून कपाटात गेली.

दीड वर्षाने, शहाण्णव साली, त्यांची पहिली मोठी परीक्षा झाली. बाकीचे विषय निघाले, अॅनाटॉमी राहिली. शरीराची रचना शिकवतात तो विषय. सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा होती. तीही गेली असती तर सगळी बॅच पुढे, आणि ही मागच्या पोरांत सहा महिने बसणार. पण शर्मिष्ठाने आधीच हात टेकले होते. म्हणाली, “मैं फॉर्म ही नहीं भरूँगी. बी.एससी. कर लूँगी.” हे म्हणाले, तिला थोडा वेळ दे. वेळ दिला तर मुलगी जेवेना. पुस्तक उघडलं की डोळ्यांतून पाणी, मिटलं की पलंगावर भिंतीकडे तोंड. माझी मुलगी डॉक्टर होणार की नाही हे त्या सहा आठवड्यांवर आलं होतं, आणि ती तर आत्ताच उठून चालली होती.

तिची लहानपणापासूनची एक सवय आहे. मनाला काही लागलं की माझ्या मशीनच्या पायाशी येऊन बसायचं आणि शिवून झालेल्या कपड्यांचा कच्चा दोरा उसवत राहायचं. एका दुपारी ती तशी येऊन बसली. कूलरमध्ये पाणी नव्हतं, नुसता वारा येत होता. मी काही विचारलं नाही, तिवारीणबाईंच्या सलवारीचं आसण जोडत राहिले. बऱ्याच वेळाने ती आपणहून बोलली.

“आई, एक मसल पे अटक गई थी. वायवा में. यहाँ का.” तिने हात न लावता नुसती हनुवटी खाली केली.

“मांडीचा?”

“धीरे बोलो ना, पापा बैठे हैं.”

“का? पप्पांना मांड्या नाहीत? रोज मी पंधरा लोकांचं माप घेते तिथलं, मला लाजून कसं चालेल? पुढे सांग.”

तिने सांगितलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू विचारले. दोन्ही पाय एकमेकांकडे ओढून घेणारे, सायकलच्या सीटला धरून ठेवणारे ते. हिने नावं धडाधड म्हटली. मग त्यांनी टेबलावरच्या मृतदेहातल्या सगळ्यांत मोठ्या स्नायूवर चिमटा ठेवून विचारलं, इसमें दो नर्व क्यों आती हैं? ही म्हणाली, सर, आती हैं. ते म्हणाले, आती हैं ये तो मुझे भी पता है, क्यों आती हैं?

“फिर सब ब्लैंक हो गया. उसके बाद उन्होंने हाथ में हड्डी दी, तो लगा ज़िंदगी में पहली बार देख रही हूँ.”

“नर्व्ह म्हणजे नक्की काय करते?”

“मसल को ऑर्डर देती है. ज़्यादातर हर मसल की अपनी एक होती है.”

“मग ह्याला दोन का?”

“वही तो!” ती एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या खोलीतून ह्यांनी “काय झालं?” विचारलं.

मी मशीन थांबवली आणि तिचं ते जाडजूड पुस्तक मागवलं. चित्रातल्या माणसाला कातडी नव्हती, पण पाहायला मला काही वावगं वाटलं नाही. उसवलेल्या कोटासारखा होता. शर्मिष्ठा पाठ केलेलं घडाघडा म्हणू लागली आणि माझ्या डोक्यावरून जाऊ लागलं. मी म्हटलं, “तोंडी मला काही कळत नाही. मला कापडात सांग.”

“मतलब?”

“मतलब काय, गाठोडं सोड.”

आधी ती माझ्याकडे, आई चळली की काय अशी बघत राहिली. पण मी लाटणं आणून पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, हे मांडीचं हाड. बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं कमरेचं हाड कापलं. त्यात एक भोक असतं म्हणाली, ते पाडलं. मग एकेक स्नायू. वरचा छोटा चौकोनी खाकी युनिफॉर्मच्या कापडाचा. त्याच्या शेजारी लांब तो हिरव्या पॉपलिनचा. त्याच्या मागे आखूड, तो लाल. सगळ्यांच्या मागे पंख्यासारखा पसरलेला मोठा, तो मरून. आणि अगदी आतल्या कडेने गुडघ्याखालपर्यंत उतरणारी बारीक पट्टी, तिला मी नाडीच लावली. “ग्रॅसिलिस,” शर्मिष्ठा म्हणाली. मी म्हटलं, असेल, आमच्यात नाडीच म्हणतात.

नर्व्हला पिवळी लोकर घेतली. ती कमरेच्या हाडाच्या भोकातून बाहेर येते आणि तिथेच तिचे दोन फाटे होतात. एक लाल आखूड कापडाच्या पुढून जातो, दुसरा मागून. “म्हणजे ह्या आखूडरावांना दोन्ही बाजूंनी मिठी,” मी म्हटलं. शर्मिष्ठाने लोकर दोनदा ओवली, दोनदा काढली, आणि तिसऱ्यांदा पुस्तकात न बघता ओवली.

आठवडाभर आम्ही पोळ्या काचेच्या बाटलीने लाटल्या. ह्यांनी एकदा विचारलं, लाटणं कुठाय? मी म्हटलं, त्याला स्नायू फुटलेत. ते पुन्हा विचारायला आले नाहीत.

पहिली मांडी पुरी झाली आणि मी घोळ केला. तसा घोळ फक्त शिवणारी बाईच करू शकते. मी सगळे तुकडे एका जुन्या बाहीवर कपड्यासारखे उलट्या अंगाने शिवले, मग बाही सुलटी करून आत लाटणं घातलं. शर्मिष्ठाने ती उचलली, पुस्तकाशेजारी धरली, फिरवली, पुन्हा धरली.

“आई! ये तो लेफ्ट हो गया!”

खरंच, उजवी शिवायला बसले होते आणि सुलटी केल्यावर डावी निघाली. इतकी वर्षं बाह्या लावल्या आणि इथे भान सुटलं. मी कपाळाला हात लावला, आणि शर्मिष्ठा हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. तिचं हसणं ऐकून माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मला दहा मांड्या चुकीच्या शिवायला सांगितल्या असत्या तरी शिवल्या असत्या.

मग उजवी करायला घेतली. ह्या वेळी कपड्यासारखी घाई नको म्हणून मी चष्मा लावून चित्र बारकाईने बघितलं. चित्रकार चांगला होता, त्याने स्नायूंचे धागे एकेक करून काढले होते. मोठ्या मरून स्नायूच्या मागच्या बाजूचं चित्र होतं. त्याच्यासाठी कापड अंथरलं, खडू हातात घेतला आणि अडले.

तुम्ही शिवत नसाल तर सांगते. कापडाला एक उभा धागा असतो, तो सरळ उतरतो, ताणला तरी हलत नाही. तेच कापड तिरकं कापलं की त्याला उरेब म्हणतात, ते पसरतं, झोल घेतं. एका तुकड्याला एकच चाल असते. आणि ह्या स्नायूचा बराचसा भाग चित्रात उरेब होता, पंख्यासारखा वरून बाहेरच्या बाजूला हाडावर पसरत गेलेला. पण आतल्या कडेचा भाग बसायच्या हाडापासून निघून सरळसोट खाली गुडघ्यापर्यंत येत होता. उभा धागा, जराही तिरका नाही.

“शमे, हे एका कापडातून निघायचं नाही.”

“क्यों?”

“हा एक स्नायू नाहीच. हे दोन तुकडे जोडलेत.”

“नहीं आई, किताब में एक ही है.”

“किताबवाल्याने कधी पँट शिवली होती? हे बघ, हा उरेब, हा उभा. आणि इथे खाली बघ, गुडघ्याच्या वर. शिवण उघडी सोडलीय. खिशाला सोडतात तशी.”

ती चित्रावर वाकली. “वो तो छेद है. वहाँ से खून की बड़ी नली आगे से पीछे जाती है.”

“जाणारच. जोडाचीच जागा आहे ती. सलग कापडाला भोक पाडायला लागतं, जोडाला नुसतं सोडून द्यायचं असतं.”

पुस्तक मांडीवर ओढून तिने पानं उलटली, बोट ओळींवरून खाली नेलं, आणि एका जागी बोट थांबलं. बारीक टाइपातल्या ओळी होत्या. ती मनात वाचत गेली आणि मग माझ्याकडे बघितलं.

“दो ही थे, आई. माँ के पेट में दो अलग मसल होते हैं, फिर जुड़ जाते हैं. तिरछा वाला आगे की नर्व से, ये अपनी पीली वाली. और सीधा वाला जाँघ के पीछे वाले मसल्स का भाई है, उसकी नर्व पीछे से आती है.” तिने त्या ओळींखाली नखाने रेघ ओढली. “यहीं लिखा था. छोटे अक्षर में. मैंने पढ़ा ही नहीं.”

“म्हणजे दोन घरचे तुकडे,” मी म्हटलं. “जोडले तरी ज्याने त्याने आपला दोरा बरोबर आणला.”

ती तसंच पुटपुटली, “अपना अपना धागा,” आणि वहीत लिहून घेतलं.

आता उभ्या भागाला वेगळ्या रंगाचं कापड हवं होतं. गाठोड्यात पुष्कळ होतं, खोटं नाही बोलणार. पण मी उठले, कपाट उघडलं आणि निळ्या फुलांची चादर काढून आणली. मधोमध कात्री लावली. तो आवाज तुम्हाला ऐकून माहीत असेल, नव्या कापडाचा. शर्मिष्ठाचं तोंड उतरलं.

“आई, वो तो नई है.”

“असू दे. मला काही झाकायचं नाहीये.”

मी इतके महिने मूग गिळून बसले होते ते असं एका वाक्यात बाहेर पडलं. बोलून गेल्यावर मलाच कसंतरी झालं, पोर आधीच खचलेली. कात्री हातात धरून मी तशीच बसले. तिने खाली बघत चादरीचा तो तुकडा माझ्या हातातून घेतला.

“मैं सिल दूँ?”

तिला शिवता येत नाही. तिने मरून कापडाला निळा तुकडा जोडला, टाका एक लहान, एक लांब, मध्ये दोनदा बोटात सुई. खाली गुडघ्याशी शिवण उघडी ठेवायची तिने आठवणीने ठेवली. मागून येणारी नर्व्ह म्हणून पांढरी लोकर लावली. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी ते उसवून पुन्हा शिवलं असतं. तिचं नाही उसवलं. दुसऱ्या दिवशी तिने फॉर्म भरला.

परीक्षेच्या दिवशी ती सकाळी टेम्पोने गेली. मांडी पिशवीत घालून न्यायची होती तिला, मी म्हटलं, कॉपी म्हणून पकडतील, राहू दे. दिवसभरात मी एक ब्लाऊज तीनदा उसवला. चारच्या सुमाराला ती आली, पाणी प्यायली.

“कसं झालं?”

“ठीक था.”

“तो प्रश्न विचारला का?”

“हाँ.” आणि ती न्हाणीघरात निघून गेली. दहा दिवस तिने ताकास तूर लागू दिली नाही. मी दुधी आणायच्या बेतात होते, तेवढ्यात निकाल लागला. पास.

त्या संध्याकाळी मैत्रिणी आल्या, आधीच्या चौघींपैकी तिघी आणि निगहत नावाची एक नवीन. निगहतही ह्याच परीक्षेला बसली होती, त्या दिवशी रांगेत शर्मिष्ठाच्या मागे उभी होती. मी तेव्हा मशीनवर होते आणि उठून आत जायच्या आत त्या खोलीत शिरल्या. मला चहाचं निमित्त हवं होतं. पण निगहतने माझा हातच धरला.

“आंटी, आप हैं? इसने आपको बताया नहीं होगा, ये कुछ नहीं बताती.”

“निगहत, चुप कर,” शर्मिष्ठा म्हणाली.

“क्यों चुप करूँ? आंटी, वही सर थे, वही सवाल. और इसने कहा, सर, ये एक मसल नहीं है, दो कपड़े जोड़े हुए हैं. एक तिरछा कटा है, एक सीधा. हर कपड़ा अपना धागा साथ लाया है. सर तो चिमटी पकड़े बैठे रह गए. बोले, ये किसने पढ़ाया? बोली, मेरी माँ ने. सर बोले, अच्छा, डॉक्टर हैं? किस कॉलेज में?”

तिथे ‘हो’ म्हणून तिला सुटता आलं असतं. कोण बघायला येणार होतं?

“फिर इसने कहा, नहीं सर, टेलर हैं. आलमबाग में. और ज़ोर से कहा, आंटी. पूरी लाइन ने सुना.”

शर्मिष्ठा माझ्या मशीनच्या पायाशी बसली होती आणि कोणाच्या तरी कुर्त्याचा कच्चा दोरा उसवत होती, तो आधीच उसवून झाला होता तरी. तिचे कान लाल झाले होते. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण चार पोरींसमोर तिला ते आवडलं नसतं, म्हणून मी तिच्या डोक्यावरचा सुताचा एक तुकडा काढल्यासारखं केलं.

मग निगहतने ओढणीखालून एक पिशवी काढली. आत चिंध्या होत्या, रंगीत, घरून धुऊन आणलेल्या. “आंटी, मैं इस बार भी हाथ में अटक गई. हाथ बना देंगी?”

“आधी मापं द्यायला सांग तिला,” शर्मिष्ठा म्हणाली. मराठीत. मग बसायला जागा नव्हती म्हणून तिने मशीनसमोरचं स्टूल निगहतला पुढे सरकवलं, मशीनवरची कात्री, खडू, टेप बाजूला केली आणि तिथेच चहाचे कप ठेवायला जागा केली. मशीन झाकायला चादर आता घरात नव्हतीच, आणि तिने ती शोधलीही नाही.